सिथौलीची स्प्रिंग

ग्वाल्हेरहून झाशीकडे निघालेली गाडी शहर सोडते न सोडते तोच सिथौली हे छोटे स्टेशन मागे पडते. इथेच भारतीय रेल्वेचा रेल स्प्रिंग कारखाना आहे. प्रवासी डब्यांचे वजन ज्यांवर तोलले जाते, त्या गुंडाळी स्प्रिंगा इथे तयार होतात. ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसाला शिंदे आठवतात, तानसेन आठवतो. या कारखान्याचेही नाव त्या यादीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

जाड पोलादी कांब आधी वरून सोलतात, कारण पृष्ठभागावरची बारीकशी चीरही पुढे स्प्रिंग मोडायला पुरते. मग टोके निमुळती करून कांब तापवायची, गुंडाळायची आणि तेलात विझवायची. विझवलेले पोलाद कडक पण ठिसूळ असते. पुन्हा बेताने तापवले की त्यात चिवटपणा येतो. त्यानंतर पोलादी छर्ऱ्यांचा मारा. त्याने पृष्ठभाग आतल्या आत दाबला जातो आणि तडा सुरू होणे अवघड होते. शेवटी स्प्रिंग पुरती दाबून सोडतात, म्हणजे ती जेवढी बसायची तेवढी कारखान्यातच बसते.

खरी ओळख पुढे ठरते. आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) बनावटीच्या साध्या, बिगरवातानुकूलित डब्यात चाकाजवळ बसणारी स्प्रिंग घ्या. कांबेची जाडी ३३.५ मिलिमीटर, मोकळी उंची ३६०. तिच्यावर २००० किलो भार टाकून उंची मोजतात. ती २७९ ते २८४ भरली तर गट अ, २८५ ते २८९ तर ब, २९० ते २९५ तर क. गटांचे रंग अनुक्रमे पिवळा, निळा, हिरवा. एका बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या एका सांगाड्यात, एकाच रंगाच्या स्प्रिंगा, हा नियम. ही स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला साधारण २७ किलो लागतात, म्हणजे उंचीतला दहा मिलिमीटरांचा फरक पावणेतीनशे किलोंच्या घरात जातो. दिसायला जुळ्या असलेल्या दोन स्प्रिंगांपैकी एकीवर जास्त भार पडतो, तो असा. म्हणून माटुंग्यासारख्या वर्कशॉपात डबा दुरुस्तीला आला, की स्प्रिंगांना तडे आहेत का ते पाहतात, भाराखाली पुन्हा उंची घेतात आणि मगच जोड्या लावतात.

हेच शास्त्र स्पोर्ट्‌स कारला लागू आहे. तिथे तर जमिनीपासूनची उंचीच कमी, म्हणून चूक लवकर जाणवते. मोटारींच्या स्प्रिंगांवरही रंगाचे पट्टे असतात, पण चिखलपाण्यात ते पुसले जातात. अशा वेळी तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेढे आणि मोकळी उंची मोजावी. त्यात जाडीला सर्वांत जपावे: कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापणारे वेढे कमी करतात, म्हणजे तिला नकळत कडकही करतात. हे करू नये. काही गाड्यांत डावी-उजवी स्प्रिंग मुद्दाम वेगळी असते, तेवढे कंपनीच्या पुस्तकात पाहावे. एरवी एका बाजूची मोडली, तर त्या आसाच्या दोन्ही बदलाव्यात, आणि दाबलेली स्प्रिंग योग्य कॉम्प्रेसरशिवाय कुणालाही सोडवू देऊ नये.