आख आणि चालकदंड : द्रव्यनिवडीचा एक विचार

वाहनाच्या चाकांशी संबंध असलेल्या कोणत्याही दांड्याला मराठीत सरसकट 'आस' म्हणण्याची प्रवृत्ती आढळते. बैलगाडीच्या बाबतीत ही संज्ञा यथार्थ आहे. संस्कृत 'अक्ष', प्राकृत 'अक्ख' आणि मराठी 'आख' ही परंपराही सरळ आहे. परंतु गाडीचा आख स्वतः फिरत नाही. चाक त्याच्याभोवती फिरते. आखाचे कार्य ओझे पेलण्याचे असल्यामुळे त्याला मुख्य भय वाकण्याचे असते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या टायरगाडीत लाकडी चाक जाऊन रबरी चाक आले, तरी आखाचे हे कार्य पालटले नाही.

मोटारीचा चालकदंड याहून तत्त्वतःच भिन्न होय. एंजिन पुढे आणि गती देणारी चाके मागे अशी रचना असलेल्या मोटारीत गिअरपेटीची गती मागील डिफरन्शियलपर्यंत पोचविणे, एवढेच त्याचे काम. कारागीर त्याला 'प्रोपेलर शाफ्ट' आणि त्याच्या सांध्याला 'क्रॉस' म्हणतात. त्याच्यावर गाडीचे ओझे नसते. तो पीळ वाहतो आणि पीळ वाहताना स्वतः वेगाने फिरतो. हा भेद ध्यानात न घेता द्रव्य निवडले तर काय होते, याचा विचार शर्यती मोटारीत फेरफार करताना विशेष निकडीचा ठरतो.

अशा मोटारीत अधिक शक्तीचे एंजिन बसविल्यावर 'आता दांडा मजबूत हवा' असे सहजच म्हटले जाते. 'मजबूत' या एका शब्दात चार निरनिराळे गुण लपलेले असतात. किती ताण सोसून पदार्थ कायमचा वाकत वा तुटत नाही, हे त्याचे बळ. दिलेल्या ताणाखाली तो किती कमी विकृत होतो, हा त्याचा ताठपणा. तडा गेल्यावरही तो किती ऊर्जा पचवून मगच फुटतो, हा त्याचा चिवटपणा. आणि पृष्ठभागावर ओरखडा वा खोच पडू न देणे, हा कठीणपणा. काच कठीण आहे पण चिवट नाही; वेत चिवट आहे पण ताठ नाही. बोलीला हे भेद ठाऊक आहेत; यंत्रविचारात मात्र ते पुष्कळदा एकाच शब्दात विरून जातात.

प्रथम बळाचा हिशेब पाहू. एंजिनाचा पीळ ४०० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ धरल्यास दंडावर १,४०० न्यूटन-मीटर पीळ येतो. ७५ मि.मी. सरासरी व्यासाच्या आणि २ मि.मी. जाडीच्या पोलादी नळीत त्यामुळे सुमारे ७९ मेगापास्कल कर्तन-प्रतिबल निर्माण होते. गिअर एकाएकी घातल्याने बसणारा झटका वेगळा धरला, तरी सामान्य पोलादी नळीला हे असह्य नव्हे. नळीच्या आधी बहुधा तिचा जोड वा क्रॉस हार खातो.

खरा प्रश्न वेगाचा आहे. कोणतीही नळी पूर्णतः समतोल नसते. फिरताना ती किंचित धनुष्याकार होते. फिरण्याची कंप्रता नळीच्या स्वाभाविक वाकण्याच्या कंप्रतेशी जुळली की हे वाकणे झपाट्याने वाढते. या वेगास क्रांतिक वेग म्हणतात. वरील नळी दीड मीटर लांब असेल, तर हा वेग गणिताने मिनिटास सुमारे ५,७०० फेरे येतो. सांध्यांच्या ढिलाईमुळे प्रत्यक्षात तो आणखी खाली उतरतो. एंजिन ७,००० फेऱ्यांवर आणि वरचा गिअर ०.८ प्रमाणाचा असेल, तर दंड ८,७५० फेरे घेऊ लागेल. शेतातील ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. शाफ्ट मिनिटास ५४० फेऱ्यांच्या मानाने चालतो. तेथे 'जाड पोलाद घाला' हा सल्ला पुरेसा ठरतो. तोच अनुभव शर्यती मोटारीस लावणे मात्र घातक होय.

क्रांतिक वेग द्रव्याच्या बळावर अवलंबून नाही. तो ताठपणा भागिले घनता या गुणोत्तराच्या वर्गमूळाशी प्रमाणबद्ध असतो. कारखानदारीत 'ई.एन. २४' म्हणून परिचित असलेले मिश्रपोलाद उष्णतासंस्काराने साध्या पोलादाहून कितीतरी बलवान होते, परंतु त्याचा ताठपणा जवळजवळ तोच राहतो. त्यामुळे महाग पोलादाच्या दंडाचा क्रांतिक वेग वाढत नाही. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश आणि घनताही सुमारे एक-तृतीयांश. म्हणून त्याच व्यासाची ॲल्युमिनियमची नळी पोलादी नळीच्याच वेगाला डगमगते. तिचा लाभ निराळा आहे. १०० मि.मी. व्यास आणि ३ मि.मी. जाडी घेतली तरी तिचे वजन सुमारे ३.८ किलोग्रॅम भरते, तर पूर्वोक्त पोलादी नळीचे ५.५ किलोग्रॅम, आणि मोठ्या व्यासामुळे क्रांतिक वेग ७,५०० फेऱ्यांच्या आसपास जातो. तथापि वितळजोडाजवळ ॲल्युमिनियमचे बळ घटते, आणि मोठी नळी बोगद्यात मावली पाहिजे.

कार्बन तंतू राळेत बसवून केलेल्या संमिश्र द्रव्यात हे गुणोत्तर खरोखर पालटते. मात्र पीळ सोसण्यासाठी काही थर तिरपे घालावे लागतात आणि तेवढ्या प्रमाणात लांबीच्या दिशेचा ताठपणा कमी होतो. तरीही पोलादाच्या सुमारे दीडपट क्रांतिक वेग साधता येतो. २००३ मधील माझ्दा आर.एक्स.-८ मध्ये असा दंड होता. बी.एम.डब्ल्यू.ने आपल्या एम३ मोटारीतील कार्बन दंड २०१७ मध्ये काढून पुन्हा पोलादी दंड घातला. कारण होते धूरनळीवरील कणगाळणीला लागणारी जागा. द्रव्याची निवड केवळ द्रव्यविज्ञानाने होत नाही, याचे हे चांगले उदाहरण होय.

डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या आखूड, भरीव दंडांची गोष्ट मात्र उलट आहे. तेथे लांबी थोडी असल्याने क्रांतिक वेगाचे भय नसते. पिळाचा पुनःपुन्हा होणारा आघात आणि धातूचा थकवा हेच प्रमुख शत्रू. म्हणून तेथे ई.एन. २४ सारखे बलवान आणि चिवट पोलादच योग्य. एकाच मोटारीत एकाच घराण्याचे दोन दंड आणि दोघांची मागणी परस्परविरुद्ध, ही बाब लक्षणीय आहे.

क्रांतिक वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी निम्मी केली की तो चौपट होतो. म्हणून बहुतेक फेरफारांत पोलादी दंडाचे दोन तुकडे करून मध्ये बेअरिंग देणे हाच स्वस्त आणि निर्धोक मार्ग ठरतो. अहिल्यानगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेत वाहने चाचणीमार्गावर पारखली जातात. खाजगी फेरफाराला तशी पारख सहसा लाभत नाही, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मूळ नोंदीशी विसंगत बदलांवर निर्बंध घातला आहे. पुढचा क्रॉस तुटला तर दंडाचे टोक रस्त्यात रुतून मोटार उलटू शकते. यास्तव दंडाभोवती संरक्षक कडे आवश्यक होय. आख ओझ्यासाठी, नळी वेगासाठी आणि आखूड दंड पिळासाठी, हा विवेक शब्दांत राखला तर द्रव्य निवडतानाही तो टिकेल.