जुन्या डिझेल इंजिनाला नवा टर्बो

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कच्च्या रस्त्यांवर आजही धावणाऱ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांमध्ये टोयोटा लँड क्रूझरच्या ८० मालिकेचा मान मोठा आहे, आणि या मालिकेत १९९० ते १९९५ या काळात बसवले गेलेले १एचडी-टी हे सहा सिलिंडरांचे, ४,१६४ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन तिच्या लौकिकाचे एक प्रमुख कारण आहे. साधारण १६५ अश्वशक्ती देणाऱ्या या इंजिनाला कारखान्यातूनच सीटी२६ नावाचा टर्बो जोडलेला असे. तीन दशकांच्या वापरानंतर त्याचे बेअरिंग ढिले झाले, तेल गळू लागले, की तोच दुरुस्त करून घ्यावा की त्याच्या जागी अधिक क्षमतेचा नवा टर्बो बसवावा, हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो. दुसरा मार्ग निवडणारे पुष्कळ जण कमाल अश्वशक्तीच्या आकड्यावर भाळून नको तेवढा मोठा टर्बो घेतात, आणि मग आधी होता तो पिकअपही गमावून बसतात.

टर्बोची मूळ कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर टर्बाइन नावाचे एक चाक फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले कॉम्प्रेसरचे चाक बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरांकडे पाठवते, आणि हा सारा खेळ मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्यांच्या वेगाने चालतो. डिझेल इंजिनाची ताकद त्यात जळणाऱ्या इंधनावर अवलंबून असते. मात्र ते इंधन पूर्ण जळण्यास पुरेशी हवा लागते आणि ती कमी पडली की काळा धूर निघतो. म्हणून टर्बो निवडण्याचा आरंभ हवेच्या हिशेबापासून करावा लागतो.

हा हिशेब कागद-पेन्सिलीने करता येण्याजोगा आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो, त्यामुळे १एचडी-टी इंजिन एका फेरीत सुमारे २.०८ लिटर आणि मिनिटाला २,००० फेऱ्यांवर ४,१६४ लिटर हवा घेऊ शकते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, तेव्हा त्यातील ८५ टक्के, म्हणजे साडेतीन घनमीटर धरावी. टर्बोविना तिचे वजन चार किलोच्या थोडे वर भरते. टर्बोने दाब दुप्पट केला आणि तापलेली हवा पुन्हा थंड केली, तर तेच वजन साडेसात किलोच्या घरात जाते, आणि कमाल शक्तीच्या ३,६०० फेऱ्यांवर ते साडेतेरा किलोपर्यंत पोचते. ‘दुप्पट’ हा शब्द येथे वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत वापरला आहे, या गुणोत्तराला दाबगुणोत्तर म्हणतात. समुद्रसपाटीवर दाबगुणोत्तर २ म्हणजे गाडीतील बूस्ट गेजवर साधारण १ बार किंवा साडेचौदा पीएसआय.

हे आकडे हाती आले की ते कॉम्प्रेसर मॅपवर ठेवून पाहायचे असतात. चांगले उत्पादक आपल्या टर्बोचा हा आलेख प्रसिद्ध करतात: आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, उभ्या अक्षावर दाबगुणोत्तर, आणि मधोमध नकाशावरील समोच्च रेषांसारखी कार्यक्षमतेची कडी. आलेखाच्या उजव्या कडेपलीकडे कॉम्प्रेसर गुदमरतो. परंतु या गाड्यांच्या बाबतीत खरा धोका डाव्या कडेला, सर्ज रेषेपाशी असतो. त्या रेषेच्या डावीकडे प्रवाह इतका कमी होतो की दाबलेली हवा चाकाच्या पात्यांवरून उलटी फिरते, फडफडण्यासारखा आवाज येतो आणि दांड्याच्या बेअरिंगवर हादरे बसतात. पेट्रोल गाडीत हे बहुधा अॅक्सिलरेटर सोडताना, थ्रॉटलची झडप मिटते तेव्हा घडते. जुन्या डिझेलमध्ये अशी झडप सहसा नसते. तेथे सर्ज गाठतो तो ओझे ओढताना. मागे ट्रेलर, समोर चढ, गिअर वरचा आणि फेऱ्या जेमतेम १,५०० असताना चालकाने पाय दाबला, तर इंजिन मिनिटाला पाच किलोच्या आसपास हवा घेते, आणि मोठ्या चाकाचा कॉम्प्रेसर एवढ्या थोड्या प्रवाहावर १.८ चे दाबगुणोत्तर सांभाळू शकत नाही. त्यामुळे या आलेखावर ३,६०० चा बिंदू पाहण्याआधी १,५०० आणि २,००० चे बिंदू पाहावेत, कारण या गाडीचे बहुतेक आयुष्य त्याच टापूत जाते.

टर्बाइनच्या बाजूला ए/आर हा आकडा महत्त्वाचा असतो. टर्बाइनभोवतीच्या शंखाकृती घरातील वाटेचे क्षेत्रफळ आणि त्या वाटेचे दांड्यापासूनचे अंतर यांचे हे गुणोत्तर आहे. ते लहान असेल तर टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या फेऱ्यांवर वायूंची वाट अडते, आणि मोठे असेल तर याच्या उलट घडते. ही अडवणूक मोजण्यासाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधील दाब बूस्टशी ताडून पाहावा; तो बूस्टच्या दुपटीकडे झुकू लागला, तर घर फारच आखूड आहे असे समजावे. पाती हलवून वाट बदलणारे टर्बो ही कोंडी फोडतात, परंतु यांत्रिक इंधनपंपाच्या इंजिनावर त्यांच्या नियंत्रणाचा वेगळा खटाटोप करावा लागतो. बॉल बेअरिंगचा टर्बो साध्या बेअरिंगच्या टर्बोपेक्षा लवकर वेग घेतो. तो महागही असतो, आणि मळक्या तेलावर चालणाऱ्या गाडीला तो घेणे शहाणपणाचे नाही.

उष्णतेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ३० अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेताना ७२ टक्के कार्यक्षम कॉम्प्रेसर ती १२० अंशांच्या किंचित वर तापवतो, तर ६० टक्के कार्यक्षमतेचा झिजलेला किंवा चुकीच्या मापाचा कॉम्प्रेसर १४० अंशांपर्यंत नेतो. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणून दाब दुप्पट होऊनही पहिल्या बाबतीत घनता केवळ दीडपट वाढते; इंटरकूलरने तीच हवा ५५ अंशांवर आणली, की वाढ १.८५ पट होते. १एचडी-टीला कारखान्यातून इंटरकूलर नव्हता, त्यामुळे या इंजिनाच्या बाबतीत टर्बोच्या आधी इंटरकूलरवर खर्च करणे अधिक फलदायी ठरते, असे म्हणण्यास आधार आहे.

टर्बो बदलला तरी पंप जुन्याच मापाने डिझेल देत असेल, तर शक्तीत फारसा फरक पडत नाही. हवा वाढते, धूर कमी होतो, इंजिन थंड चालते, इतकेच. या इंजिनाच्या यांत्रिक पंपावर बूस्टनुसार डिझेल वाढवणारा पडदा आणि पिन असते. त्यांची जुळणी पंपाच्या जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी आणि त्याआधी एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा गेज टर्बाइनच्या अलीकडे बसवावा. लांब चढावर हे तापमान ७०० अंशांच्या खाली राहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पिस्टन ज्याचा असतो ते अॅल्युमिनिअम मात्र ६६० अंशांनाच वितळते. पिस्टन तगतो तो वायूंचा तडाखा क्षणभराचा असल्यामुळे आणि खालून तेल त्याला थंड ठेवत असल्यामुळे.

याच मालिकेतील १एचझेड हे टर्बोविना विकले गेलेले इंजिन दिसायला जवळचे असले, तरी त्याच्यासाठी हा सल्ला जसाच्या तसा लागू करू नये. त्याचे ज्वलन आधी एका छोट्या कप्प्यात होते आणि दाबप्रमाण (कॉम्प्रेशन रेशो) २२ हून अधिक आहे, म्हणून त्याला बूस्ट माफकच मानवते. भारतातील मालकांना आणखी एक मर्यादा आहे: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणीतील तपशील वेगळा पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, तेव्हा आरटीओत विचारणा केल्याशिवाय सुटे भाग मागवू नयेत.

१एचडी-टीपुरता निर्णय द्यायचा, तर सीटी२६ च्याच जागी बसणारा, घर फारसे न वाढवलेला, पण नव्या घडणीच्या अधिक कार्यक्षम चाकांचा टर्बो आणि सोबत इंटरकूलर, ही जोडी बहुतेक मालकांना पुरेशी आहे. मात्र या इंजिनांची बिगएंड बेअरिंग्ज, म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट यांमधील पातळ कवचे, अकाली झिजण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत, आणि वाढलेल्या बूस्टचा भार अखेर त्यांच्यावरच येतो. ती उघडून तपासलेली किंवा बदललेली नसतील, तर टर्बोची खरेदी लांबणीवर टाकावी.