उजव्या पानावर नाटक, डाव्या पानावर उपक्रम

‘केंब्रिज स्कूल शेक्सपिअर’ मालिकेच्या पुस्तकांत उजव्या पानावर नाटकाची संहिता असते. डाव्या पानावर वर्गात करायचे उपक्रम आणि कठीण शब्दांचे अर्थ. मालिकेचे संस्थापक संपादक रेक्स गिब्सन यांनी १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘शेक्सपिअर अँड स्कूल्स’ प्रकल्प सुरू केला होता. नाटक बाकावर बसून नुसते वाचायचे नसते, हा त्यांचा आग्रह होता. ‘मॅकबेथ’मधले एखादे स्वगत विद्यार्थी चालत म्हणतात आणि प्रत्येक विरामचिन्हापाशी दिशा बदलतात. वाक्ये तुटक असली की पाय सारखे वळतात. पात्राची घालमेल टीप न वाचताच उमगते. लेखनही त्यातूनच निघते: राजा डंकनच्या खुनानंतर द्वारपालाने लिहिलेले पत्र, लेडी मॅकबेथची रोजनिशी. गाइडमधली पाठ उत्तरे इथे उपयोगी पडत नाहीत. अर्थात, घाईच्या तासिकेत अशा उपक्रमाचा निव्वळ गोंधळ होतो.