शॉवरचा तयार ट्रे बसविण्यापूर्वी खालची जमीन पाहा

नेर परसोपंतच्या गवंडी बांधवांना न्हाणीघराची फरशी घालायला आम्ही शिकवावे, असे नाही. जाळीकडे मीटरमागे एक ते सव्वा सेंटिमीटर उतार त्यांच्या हातातच बसलेला असतो. (नळकामवाले देशभर ज्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, त्या नावातही न्हाणीच आहे!) परंतु फायबर किंवा अॅक्रिलिकचा तयार ट्रे बसवायचा असेल, तर नेमका हाच सरावाचा हात नडतो.

कारण ट्रेला उतार कारखान्यातच दिलेला असतो. खालची जमीन मात्र पाण्याच्या पातळीत, सपाट हवी. समजा, ट्रेचा उतार भोकाकडे मीटरला एक सेंटिमीटर आहे आणि जमीन तेवढीच उलट बाजूला झुकली आहे. दोन्ही उतार एकमेकांना खातात आणि पाणी ट्रेमध्येच साचते. याहून वाईट म्हणजे खाली पोकळी राहणे. माणूस उभा राहिला की ट्रे दबतो, रोज थोडा थोडा हलतो, भोकाखालचा सांधा सैल होतो, आणि पाणी कुणाला न दिसता जमिनीत मुरते. ट्रे तडकला की गिऱ्हाईक कारखान्याला विचारत नाही. ते मिस्त्रीची राहिलेली मजुरी अडवते आणि दुकानदाराशी भांडते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काळ्या मातीचा प्रश्न वेगळाच आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तेव्हा फरशी खाली-वर का झाली, हे आधी शोधावे. जुनी शहाबादी मुळातच ओबडधोबड असेल तर चिंता नाही. पण भराव खचला असेल, ट्रॅप गळत असेल, किंवा भिंतीतील चीर ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल, तर वरून मसाला थापणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. गळती आधी बंद करावी. न्हाणीपुरती काळी माती काढून मुरूम थराथराने भरावा, पाणी मारून धुम्मस करावी आणि वर चार इंच काँक्रीट घालावे. भिंतीचा पायाच हलत असेल, तर त्याचा इलाज झाल्याशिवाय ट्रेचे काम धरू नये.

जमीन पक्की असेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांवर पातळीच्या खुणा कराव्यात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर खूण चुकते, हे नव्या पोरांना सांगून ठेवावे. खुणांवर दोरी ताणून खाली मोजले की खड्डा आणि उंचवटा आकड्यात कळतो. उंचवटा छिन्नीने काढावा. गुळगुळीत फरशीला टाचे मारावेत, धूळ धुवावी, सिमेंटची स्लरी ओतावी आणि ती ओली असतानाच एकास चारचा मसाला पट्टीने ओढावा. भर अर्ध्या इंचाहून कमी असेल तर साधा मसाला पापडासारखा सुटतो. तिथे बाजारात मिळणारा स्वतः पसरणारा लेव्हलिंगचा मसाला वापरावा, मात्र आधी ट्रॅपच्या तोंडात बोळा घालावा. साध्या मसाल्याला सात दिवस पाणी मारावे. वॉटरप्रूफिंग करायचे ते ट्रेच्या आधीच.

आता ट्रे कोरडाच ठेवून पाहावा. भोक पाइपावर नेमके येते का? चारही कडांवर स्पिरिट लेव्हल काय दाखवते? दोन-तीन मिलिमीटरचा फरक खालच्या मसाल्यात मुरतो, त्याहून जास्त नाही. पाय नसलेल्या ट्रेखाली बहुधा मसाल्याची सलग गादी लागते. कंपनीचा कागद वाचून ती द्यावी. कोपऱ्याखाली टाइलच्या कपच्या सरकवून पातळी साधण्याची पद्धत आम्हाला मुळीच मान्य नाही. सगळा भार त्या चार तुकड्यांवर येतो. मसाला घट्ट होईपर्यंत कुणी ट्रेवर पाय देऊ नये. भिंतीकडची फट सिलिकॉनने भरण्यापूर्वी दोन बादल्या पाणी ओतून पाहावे.

पैशाची बोलणी मात्र जुनी फरशी उघडण्यापूर्वीच करावी. ट्रे बसविण्याची मजुरी वेगळी, जमीन सपाट करण्याची वेगळी, आणि भराव बदलावा लागला तर त्याचा दर वेगळा, असे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. दुकानदारांनीही ट्रे विकताना लांबी-रुंदीबरोबर भोक भिंतीपासून किती अंतरावर आहे हे गिऱ्हाइकाला लिहून द्यावे, म्हणजे पाइपाची जागा आधीच ठरते आणि ट्रे परत आणण्याची पाळी येत नाही.