खासगीचा जमाखर्च

पाऊस परतला की हिवरे बाजारात पाण्याचा हिशेब निघतो. पर्जन्यमापकात किती मिलिमीटर भरले, विहिरींना पाणी कुठवर चढले, त्यातले माणसांच्या पिण्याला किती राखायचे, गुरांना किती, आणि उरल्या पाण्यावर रब्बीला काय पेरायचे, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडले जाते. पाऊस बेताचा झाला असेल तर जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना त्या साली कात्री लागते. ऊस आणि केळी गावाने केव्हाच सोडली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, डोंगरावर गुरे मोकाट सोडायची नाहीत, हेही ठरलेले. पोपटराव पवार १९८९ साली बिनविरोध सरपंच झाले तेव्हा हे गाव दारूच्या भट्ट्यांसाठी आणि गाव सोडून गेलेल्या माणसांसाठी ओळखले जाई. १९९५च्या पाहणीत १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे हा आकडा तीनवर आला. साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पावसाच्या टापूत हे घडले, आणि त्याच्या मुळाशी पाण्याचा जमाखर्च होता. जे आपले नाही ते उपसायचे नाही, आणि जे आपले आहे ते कशावर गेले हे सर्वांना दिसले पाहिजे.

या गावाच्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेल्या शहराचे नाव बदलण्याची घोषणा २०२३च्या मे महिन्यात अहिल्याबाई होळकरांच्या जन्मगावी, चौंडीला झाली आणि २०२४ साली ते कागदोपत्री उतरले. नावावरून वाद झाले, मिरवणुकाही निघाल्या. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. ज्या बाईचे नाव जिल्ह्याला दिले, तिचे खरे सामर्थ्यही जमाखर्चातच होते.

चौंडी हे जामखेड तालुक्यातले सीनाकाठचे गाव. नगरजवळच्या डोंगरात उगम पावणारी सीना उन्हाळ्यात इथे पोहोचते तेव्हा तिच्यात वाळूच जास्त असते. ३१ मे १७२५ रोजी इथले पाटील माणकोजी शिंदे आणि सुशीलाबाई यांच्या घरी अहिल्या जन्मली. पाटील म्हटले की आज डोळ्यांपुढे वाडा उभा राहतो. धनगराच्या घरातले दुष्काळी मुलखाचे पाटीलपण म्हणजे गावाचा सारा गोळा करायचा, भांडणे मिटवायची, आणि पाऊस चुकला की सरकार आणि रयत दोघांची बोलणी खायची. माणकोजींनी मुलीला लिहायला-वाचायला शिकवले, असे सगळे चरित्रकार सांगतात. मल्हारराव होळकर मुक्कामाला असताना त्यांनी देवळात ही आठ वर्षांची पोर पाहिली आणि सून म्हणून पसंत केली, ही आख्यायिका प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. देवळातला प्रसंग खरा असो वा नसो, १७३३ साली खंडेराव होळकरांशी तिचे लग्न झाले आणि चौंडीची मुलगी माळव्याच्या सुभेदारांची सून झाली.

हे सासरही काही पिढीजात श्रीमंत नव्हते. मल्हारराव नीरेकाठच्या होळ गावचे. वडील लहानपणी गेले, आणि खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळांकडे त्यांनी मेंढरे राखली. मामाचीच मुलगी गौतमाबाई त्यांची बायको. मेंढपाळाचा सुभेदार झाला तो बाजीराव पेशव्यांच्या काळात, भाल्याच्या जोरावर. अहिल्याबाईंच्या गोष्टीतून गौतमाबाई सहसा वगळल्या जातात. हा अन्याय आहे, कारण पुढचे सारे त्यांच्यापासून सुरू होते.

१७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर दिली. महेश्वरसह माळव्यातले काही परगणे तिच्यात होते आणि वर्षाचे उत्पन्न सुमारे तीन लाखांचे. होळकरांच्या राज्याची यामुळे दोन खाती झाली. एक दौलत, म्हणजे फौज, मुलूखगिरी, चौथाई, पेशव्यांचा भरणा. दुसरे खासगी, म्हणजे घरातल्या कर्त्या बाईची स्वतःची मिळकत, जिच्यावर सुभेदाराचाही हात नाही. अठराव्या शतकात बाईच्या नावे असे खाते असणे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहणे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. राजाची बायको म्हणून मान मिळणे निराळे आणि स्वतःच्या सहीने खर्च करता येणे निराळे. गौतमाबाई १७६१ साली वारल्या आणि खासगी सुनेकडे आली.

मधल्या काळात सून तयार झाली होती. मल्हारराव बारा महिने घोड्यावर, खंडेराव मोहिमांत. घरी वसुलीचे कागद, सावकारांची देणी, फौजेचे पगार. मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. त्यांच्या इतर बायका सती गेल्या. अहिल्याबाई निघाल्या तेव्हा मल्हाररावांनी त्यांना अडवले, तूच आता माझा मुलगा असे विनवून. यात सासऱ्याची माया होतीच, पण कारभार कोण सांभाळतो हेही त्या म्हाताऱ्या शिपायाला पुरते ठाऊक होते. ते पुढच्या पत्रांत दिसते. १७६५ साली मल्हारराव सुनेला लिहितात ते नातवंडांच्या खुशालीपुरते नाही. चंबळ उतरून ग्वाल्हेरला जा, मोठा तोफखाना तिथे ठेव, दारूगोळ्याची बेगमी कर, अशा थेट आज्ञा आहेत. चाळिशीतल्या विधवा सुनेवर तोफखान्याची जबाबदारी टाकणारा हा पत्रव्यवहार वाचला, की हातात शिवपिंड घेतलेली कॅलेंडरवरची शांत मूर्ती अपुरी वाटू लागते.

मे १७६६ मध्ये आलमपूरला मल्हारराव गेले. गादीवर आलेला अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव वर्षभरातच वारला. आता घरात पुरुष नव्हता. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाची मसलत काढली. लहान मूल गादीवर बसवायचे आणि कारभार आपल्या हाती ठेवायचा, हा तिचा अर्थ. पेशव्यांचे काका रघुनाथरावदादा यांना त्यांनी फौजेसह बोलावले. अहिल्याबाईंनी दत्तक नाकारला, आजूबाजूच्या सरदारांना पत्रे धाडली, विश्वासू सरदार तुकोजी होळकरांना क्षिप्रेच्या काठी पाठवले आणि पुण्याला माधवराव पेशव्यांशी संधान बांधले. बायकांची फौज उभी केली, आणि बाईशी लढून हरलात तर तोंड कुठे लपवाल असे रघुनाथरावांना कळवले, ही परंपरेने सांगितलेली गोष्ट. मी तर मालेरावाच्या दुखवट्याला आलो, असे म्हणून दादांनी माघार घेतली म्हणतात. निकाल मात्र निर्विवाद आहे. माधवरावांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. फौज तुकोजींकडे, कारभार आणि खजिना बाईंकडे, अशी वाटणी झाली. ती जवळजवळ अठ्ठावीस वर्षे टिकली.

ही वाटणी सोपी नव्हती. उत्तरेत मोहिमांवर असलेले तुकोजी पैशासाठी तगादा लावत आणि बाई हिशेब मागत. तुकोजी त्यांना मातोश्री म्हणत, पण फौजेच्या खर्चावरून दोघांत कुरबुर होत राहिली. महेश्वरच्या घडामोडी पुण्याला कळवणारी बातमीपत्रे पुढे पारसनिसांनी ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या नावाने छापली. त्या काळचा महेश्वर दरबार जवळून पाहायचा तर ती वाचावीत. देवघरापेक्षा तिथे कचेरी जास्त दिसते.

जॉन माल्कम हा ब्रिटिश अधिकारी १८१८मध्ये माळव्याचा कारभार पाहू लागला तेव्हा बाईंना जाऊन वीसेक वर्षे झाली होती. त्यांना पाहिलेली माणसे हयात होती. त्याने विचारपूस करून दिनक्रम लिहून ठेवला. पहाटे उजाडण्याआधी तासभर उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनला दरबारात, तिथे संध्याकाळी सहापर्यंत. मग पूजा आणि फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कागद. पडदा नव्हता, फिर्याद घेऊन आलेला माणूस समोर उभा राहून बोले. दिवसातून सहा तास कचेरी, तीही सत्तरीच्या घरात पोहोचलेल्या बाईची. पूजेचे तास आपण लक्षात ठेवले आणि कचेरीचे तास विसरलो.

माल्कमनेच नोंदवलेली आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात महेश्वरच्या आसपास रस्त्यांवर वाटसरूंना पाणी द्यायला माणसे नेमलेली असत. आणि नांगरट चालू असताना बाईंचा माणूस पाण्याचे भांडे घेऊन शेतात येई, चालता नांगर थांबवी आणि बैलांना पाणी पाजून पुढच्या शेताकडे जाई. पाखरांसाठीही काही शेते विकत घेऊन ठेवली होती, कारण इतर शेतांतून शेतकरी त्यांना हुसकावीत. हे पुण्याचे काम म्हणून लिहिले जाते. पण मे महिन्यात नांगर ओढून थांबलेल्या, तोंडाला फेस आलेल्या बैलाची तहान नर्मदेच्या काठी जन्मलेल्या माणसाला सुचायची नाही. ती सीनेच्या वाळूतून हंडा भरणारीला सुचते.

देवळांची यादी सगळ्यांना पाठ असते: काशी विश्वेश्वर १७८०, सोमनाथ १७८३, गयेचे विष्णुपद १७८७, वेरूळचे घृष्णेश्वर; मणिकर्णिकेचा घाट; हिमालयापासून रामेश्वरापर्यंत विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रे. यातली बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्यात नव्हती. काशी दुसऱ्याच्या ताब्यात, गया इंग्रजांच्या, सोमनाथ तिसऱ्याच्या. फौज पाठवून तिथे काही करणे शक्य नव्हते. पैसा, परवानगी आणि भरवशाचे कारकून लागत. हा पैसा खासगीतून गेला. दौलतीच्या तिजोरीतून देऊळ बांधायचे नाही आणि खासगीचे पैसे फौजेला द्यायचे नाहीत, ही मर्यादा बाईंनी शेवटपर्यंत सांभाळली. सरकारी पैशातून स्वतःच्या नावाची पाटी लावण्याची सवय जडलेल्या काळात ही गोष्ट चौंडीच्या पुतळ्याखाली ठळक कोरायला हवी.

पैसा नाकारण्यातही त्या तितक्याच काटेकोर होत्या. निपुत्रिक सावकार मेला की सरकारने संपत्ती ओढायची, असा रिवाज पुष्कळ ठिकाणी होता. खरगोणच्या दोन सावकारांच्या विधवा आपले सारे धन घेऊन महेश्वरला आल्या. बाईंनी ते घेतले नाही. आपल्याच हाताने घाट-विहिरींना लावा, असा सल्ला दिला. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि नर्मदेत टाकायला सांगितले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच संगमनेरचे शाहीर अनंत फंदी त्यांच्या बोलण्यावरून लावणी सोडून कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते.

सगळेच उजळ नव्हते. रामपुऱ्याच्या चंद्रावतांचे बंड त्यांनी कठोरपणे मोडले. दानधर्माचा मोठा भाग तीर्थे आणि ब्राह्मणभोजनावर गेला. आणि सतीची चाल मोडणे त्यांना जमले नाही, ना राज्यात, ना घरात. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले. मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने पदर पसरला, पाया पडली. मुलगी थांबली नाही. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याच्या शब्दाखातर चितेवरून मागे फिरलेली बाई नर्मदेच्या घाटावर उभी राहून हे पाहत होती. दोन माणसांनी तिचे हात धरले होते, असे माल्कम सांगतो. मुलगा, नवरा, नातू आणि आता लेक, सगळे गेल्यावरही ती चार वर्षे कचेरीत बसत राहिली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्या वारल्या.

विनया खडपेकरांनी आपल्या चरित्राला ‘ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर’ असे नाव दिले ते नेमके आहे. देवी, पुण्यश्लोक, लोकमाता ही ज्ञात बाजू. तीत भक्ती खरी आहे, पण तिच्या झगमगाटात कारभारीण दिसेनाशी होते. त्यांच्या नावाने विद्यापीठे, विमानतळ आणि टपाल तिकीट झाले. ३१ मे २०२५ला त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली आणि त्या महिन्यात राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली. दुष्काळी मुलखातल्या एका खेड्यात सारे सरकार येऊन बसले, ही मोठी गोष्ट होती.

खासगी मात्र बाईंनंतरही संपली नाही. होळकर संस्थान विलीन झाल्यावर तिच्या देवळा-घाटांसाठी १९६२ साली इंदुरात खासगी देवी अहिल्याबाई होळकर धर्मादाय ट्रस्ट झाला. पुढे हरिद्वारच्या घाटासारख्या मिळकतींच्या विक्रीवरून वाद उठला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले, की या ट्रस्टने मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी केली पाहिजे आणि मिळकतींच्या व्यवहारांची तपासणी झाली पाहिजे. गौतमाबाईंच्या नावे खाते उघडले त्याला तेव्हा दोनशे अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली होती, आणि खासगीचा हिशेब अजून मागितला जात होता.

दिवाळीच्या आगेमागे हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद पुन्हा मांडला जाईल. गावाच्या पत्त्यात आता जिल्हा म्हणून अहिल्यानगर लिहितात.