नवी रॅम बसवली, पण पडदा काळाच?

ठाकुर्लीहून स्लो लोकल पकडून लॅमिंग्टन रोडवरून आणलेली रॅम लागली नाही, तर बदलून आणायला निघण्याआधी एवढं तपासा. प्लग आधी काढा.

● पिढी : डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८. पण तिन्हींची खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका.

● बैठक : पट्टी दोन्ही टोकांना दाबा. ‘कट्’ आवाज होऊन क्लिप मिटली पाहिजे.

● स्लॉट : चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील, तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा व चौथा. मदरबोर्डचं मॅन्युअल बघाच.

● एकेक पट्टी : आधी फक्त जुनी, मग फक्त नवी लावून बघा. दोष कुणाचा ते लगेच कळतं.

● धीर : डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. मध्येच बटण दाबू नका.

● आकडा कमी : घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपुढची रॅम वापरत नाही.

● मधूनच बंद : पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली, तर पट्टी वॉरंटीत बदलून घ्या.