वेगामागचं विज्ञान : किलो कुठला कमी करायचा?

पुढच्या गाडीच्या आडोशाला धावण्याचं गणित आज मांडायचं होतं. ते पुढच्या आठवड्यात. साकोलीकडच्या एका वाचकाच्या प्रश्नानं मला पार गुंतवून टाकलंय. त्यांच्या घरी शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची जोडी आहे. ते विचारतात, ‘छकडा आणखी किती हलका करावा?’

आधी हवेचा हिशेब मिटवू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीतली गाडी ताशी 320 किलोमीटरनं धावते असं धरा आणि शंकरपटाची जोडी 40नं. वेग आठपट, म्हणजे तेवढ्याच आकारावर हवेचा रेटा 64 पट! पटाच्या दानीवर, म्हणजे धावपट्टीवर, तो आडोसा काही कामाचा नाही.

तिथली झुंज उभ्या जागेवरून वेग धरण्याची. दोन बैल मिळून सात-आठशे किलो, शिवाय छकडा आणि तो हाकणारा धुरकरी. फळ्या तासून पाच किलो वाचवले, तर एकूण वजनात जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक. तेच वजन चाकाच्या धावेवरून उतरवलं तर फायदा जवळपास दुप्पट, कारण कडेचं लोखंड पुढंही जातं आणि फिरतंही. मात्र धाव अरुंद करू नका. धान कापलेल्या बांधीत ओल उरली असेल तर अरुंद धाव रुतते.

माझ्या मते वजन किती यापेक्षा ते कुठं आहे, हे मोठं. आसापासून जुवापर्यंत 2.4 मीटर आणि धुरकरी 60 किलोचा धरा. तो आसाच्या 30 सेंटिमीटर पुढं सरकला की बैलांच्या मानेवर साडेसात किलो वाढतात. तितकाच मागं गेला की तेवढेच कमी होतात. सुटताना हिसक्यानं तो मागं फेकला जातो, छकडा उलाळ होतो, जू वर उचललं जातं आणि वशिंडापुढची पकड सुटते. फार पुढं झुकला तर गाडी धुरजड, मान दबलेली. मुरलेला धुरकरी सुटताना पुढं वाकतो, मग वेग धरला की सावरतो.

अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींतलं एक जुनं भांडणही याच तोलाचं. 19 जून 1949 ला शार्लटला नॅस्कारची ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ मालिका सुरू झाली. सर्वांत आधी पोचला ग्लेन डनअवे, पण त्याच्या गाडीचे मागचे स्प्रिंग बदललेले निघाले. चोरट्या दारूच्या ओझ्यानं गाडीची शेपटी बसू नये म्हणून तेव्हा असे ताठ स्प्रिंग घालत. डनअवे बाद झाला, जिम रोपर विजेता ठरला.

इकडे सर्वोच्च न्यायालयाची 2014 ची बंदी, डिसेंबर 2021 ची सशर्त परवानगी आणि 18 मे 2023 चा घटनापीठाचा निकाल, एवढ्या वाटेनं पट परत आलाय. नियमांत काठी-चाबकाला जागा नाही, आणि ते योग्यच आहे. वेग वाढवायचा तो तोल साधून वाढवा. पटवाल्यांना विनंती : धुरकऱ्याला त्याच्या जागेवर उभं करून दांडीचं टोक एकदा ताणकाट्यावर तोला आणि आकडा मला कळवा.